इंजिन पेटवायला पैसा मिळतो, पेटते ठेवायला मिळत नाही: नागपूरच्या छोट्या लाइनचे एक प्रकरण

प्रस्ताव सुटसुटीत होता. कडबी चौकाजवळच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात उभ्या असलेल्या इंजिनांपैकी एक वाफेचे इंजिन दुरुस्त करायचे, आवारातच त्याच्यामागे चार डबे जोडून महिन्यातून दोन शनिवार-रविवार फेऱ्या मारायच्या, दुरुस्तीसाठी एखाद्या मोठ्या कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामांवर खर्चायच्या पैशातले, दीड कोटी मिळवायचे. शेवटची ओळ होती: ‘पुढील खर्च तिकीटविक्रीतून भागेल.’ हिशेब तपासायला कागद माझ्याकडे आले ते खरे तर दीड कोटींच्या रकान्यासाठी. माझी पेन्सिल मात्र त्या शेवटच्या ओळीवर अडली.

प्रस्ताव मांडणारा गट हौशी आहे, पण हवेत बोलणारा नाही. मोतीबाग कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, हिंगणा एमआयडीसीत बॉयलर आणि प्रेशर व्हेसलचे काम करणारा एक इंजिनिअर, इतिहास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आणि सहली नेणारा एक तरुण. प्रस्ताव अजून कागदावरच आहे, म्हणून नावे देत नाही. खाली येणारे रुपयांचे आकडे आमच्या अंदाजपत्रकातले आहेत. ते अंदाज म्हणूनच वाचावेत.

लाइन गेली, संग्रहालय राहिले

बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली आणि पुढे तिने सातपुड्याच्या दोन्ही अंगांना अडीच फुटी रुळांचे जाळे विणले. गोंदिया–जबलपूर १९०३ ते १९०५ या काळात झाली. मग नागपूरहून एक फाटा छिंदवाड्याकडे आणि एक उमरेड-भिवापूरमार्गे नागभीडकडे गेला. हे सगळे जाळे मोजले तर हजार किलोमीटरच्या घरात जायचे. मँगनीज, कोळसा, बांबू, सागाचे ओंडके आणि बाजाराला निघालेली माणसे ही त्याची मिळकत. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची ‘सीसी’ वर्गाची इंजिने या उतार-चढांवर धावली. नंतर झेडडीएम डिझेल आले.

मग ब्रॉडगेज आले. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, जबलपूरची त्याच वर्षी, आणि इतवारी–नागभीडची शेवटची नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये गेली. गटातल्या सहलवाल्या तरुणाचे म्हणणे होते की उमरेडपर्यंतचा तरी जुना मार्ग वारसा म्हणून ठेवायला हवा होता. भावना कळते. पण उमरेडच्या माणसाला नागपुरात नोकरीला यायला वेगवान गाडी हवी आहे, आणि ती मागणी त्याने वर्षानुवर्षे केली आहे. वारशासाठी त्याला थांबवून ठेवणे मला पटत नाही. शिवाय मुख्य लाइनवर प्रवासी गाडी चालवायची म्हणजे पूल, फाटके, सिग्नल, रुळांची देखभाल आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी हे सारे आले. इंजिनाचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटू लागतो.

याचा धडा विदर्भातच आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही १९० किलोमीटरची शकुंतला घ्या. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले झेडडी इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होते, सत्तर वर्षांहून जास्त. लोकांचा जीव त्या गाडीवर होता आणि आजही आहे. ती वाचवण्यासाठी सत्याग्रह झाले. तरी ती थांबली. रूळ खासगी कंपनीचे, गाडी रेल्वेची, आणि रुळांवर पैसा कोणी घालायचा याचे उत्तर कोणाकडेच नाही, अशी तिची गोची होती. प्रेम कमी पडले म्हणून ती गाडी बंद पडली असे म्हणताच येणार नाही.

म्हणून आवारातला रूळ ही गटाची निवड मला योग्य वाटली. संग्रहालय २००२ पासून आहे, मुलांची छोटी गाडी तिथे फिरतेच, आणि आता ऑरेंज लाइनचे मेट्रो स्टेशनही कडबी चौकातच आहे.

बॉयलर: सगळा हिशेब इथे सुरू होतो

पहिल्या बैठकीत मी विचारले, दुरुस्त झालेला बॉयलर किती वर्षे चालेल? इंजिनिअर म्हणाला, ब्रिटनमधल्या वारसा रेल्वे साधारण दहा वर्षांचा हिशेब धरतात. दर वर्षी तपासणी होते, आणि दहा वर्षांनी बॉयलर फ्रेमवरून उतरवून ट्यूब (आगीची उष्णता पाण्यातून नेणाऱ्या नळ्या) काढून आतून-बाहेरून सगळे पाहतात. फिटरकाका तोवर गप्प होते. मग म्हणाले, “इंजिन तर पेटून जाईन हो. पण तिसऱ्या साली ट्यूबा गळाले लागल्या, मंग कोनाले बलावान?”

प्रस्तावात या प्रश्नाला रकानाच नव्हता. वाफेच्या इंजिनाचा खर्च दोन वेगवेगळ्या चालींनी येतो. कोळसा, तेल, माणसे हा खर्च रोज दिसतो आणि रोजच्या गल्ल्यातून निघतो. बॉयलरची झीज रोज होते, पण बिल दहा वर्षांनी एकदम येते. मधली वर्षे गल्ला बरा दिसतो, आणि सगळे म्हणतात की गाडी नफ्यात आहे.

रेल्वेसारख्या मोठ्या घरालाही हे चुकलेले नाही. १८५५ चे फेअरी क्वीन १९९७ पासून दिल्ली–अलवर पर्यटक गाडी ओढू लागले, पुढच्या वर्षी जगातले सर्वांत जुने चालू इंजिन म्हणून गिनीजमध्ये गेले. २०११ मध्ये त्याचे सुटे भाग चोरीला गेले. पेरांबूरच्या कारखान्यातून दुरुस्त होऊन ते पुन्हा रुळावर यायला २०१७ उजाडले. नवे इंजिन बांधले तरी सुटका नाही. ब्रिटनमध्ये लोकवर्गणीतून उभारलेले टोर्नेडो २००८ मध्ये पूर्ण झाले; त्याचा कोराकरकरीत बॉयलर २०११ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यात परत पाठवावा लागला.

आमच्या बाबतीत आणखी एक पेच होता. संग्रहालयातले इंजिन ही वस्तू आहे; तिचा जुना, रिव्हेटचा बॉयलर हाच एक दस्तऐवज आहे. प्राध्यापिकाबाईंचा पेटवण्यालाच विरोध होता, कारण चालवायचे म्हणजे जुने पत्रे कापून नवे घालायचे, आणि अशा दोन-तीन पूर्ण दुरुस्त्यांनंतर, म्हणजे ओव्हरहॉलनंतर, मूळ धातू किती उरणार? यावर मी त्यांच्या बाजूने झुकलो. तोडगा इंजिनिअरने सुचवला: जुना बॉयलर जसाच्या तसा काढून संग्रहालयात मांडायचा आणि इंजिनावर नवा, वेल्डिंगचा बॉयलर बसवायचा. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने अख्खी नवी वाफेची इंजिने बांधली आहेत, तेव्हा देशात हे ज्ञान शिल्लक आहे. खर्च वाढतो, पण पुढच्या दुरुस्त्या सोप्या होतात आणि रिव्हेट मारणारा कारागीर शोधत फिरावे लागत नाही.

एका दिवसाचा हिशेब

मूळ प्रस्तावात वर्षाला ४८ दिवस होते. फिटरकाकांनी त्यावर काट मारली. थंड बॉयलर तापवणे आणि पुन्हा थंड होऊ देणे यानेच धातू जास्त थकतो. पत्रा आणि ट्यूब वेगवेगळ्या वेगाने फुगतात, आणि सांधे ढिले होतात. सुट्या रविवारांपेक्षा सलग तीन दिवस चालवावे, रात्री आग दाबून ठेवावी, राखणीला एक माणूस ठेवावा. शिवाय मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे असताना फायरबॉक्ससमोर कोणी उभे राहू नये आणि पत्र्याच्या डब्यात मुलांना बसवूही नये. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठ आठवडे, शुक्रवार ते रविवार: एकूण २४ दिवस. शुक्रवार शाळांच्या सहलींसाठी. थंड बॉयलर पेटवण्याची वेळ वर्षातून आठदाच.

आता खर्च. दहा वर्षांनी येणारे ओव्हरहॉल आजच्या भावाने १ कोटी २० लाखांचे धरले, म्हणजे वर्षाला १२ लाख, दिवसाला ५०,००० रुपये. विमा, वार्षिक तपासणी, रुळांची निगा यांचे वर्षाला ६ लाख, म्हणजे दिवसाला २५,०००. ड्रायव्हर, फायरमन, पॉइंट्समन, रात्रपाळीचा माणूस आणि सुरक्षारक्षक मिळून २५,०००. टनभर कोळसा १०,०००. सरपण, तेल, ग्रीस, पाण्यावरची प्रक्रिया ५,०००. बेरीज १ लाख १५ हजार.

उत्पन्न असे: चार डबे, डब्यात ३० माणसे, दिवसाला सहा फेऱ्या, म्हणजे ७२० जागा. त्यातल्या ६० टक्के भरल्या तर ४३२ तिकिटे. तिकीट १५० रुपये धरले तर ६४,८००.

तूट दिवसाला ५०,२००. वर्षाला १२ लाख ४ हजार ८००.

तुटीचा हा आकडा जवळपास ओव्हरहॉलच्या तरतुदीएवढाच आहे. म्हणजे ‘तिकिटांतून खर्च भागेल’ हे विधान अगदी खोटे नव्हते. तिकिटांतून कोळसा भागतो, माणसे भागतात, विमा भागतो. बॉयलर तेवढा भागत नाही, आणि तो न भागल्याचे दहा वर्षे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तिकीट ३०० करावे का? सहलवाला तरुण म्हणाला, दार्जिलिंगला लोक वाफेच्या फेरीला डिझेलपेक्षा जास्त मोजतात. तिथे खिडकीबाहेर हिमालय आहे आणि १९९९ पासून युनेस्कोची मोहोर आहे. मोतीबागेत खिडकीबाहेर मोतीबागच आहे. चौघांच्या कुटुंबाने काही मिनिटांच्या फेरीला बाराशे रुपये द्यावेत, ही अपेक्षा मला धाडसाची वाटते. त्याऐवजी ड्रायव्हरशेजारी उभे राहून एक फेरी, ठरावीक संख्येत आणि चढ्या दराने, हे जमेल. आणि प्री-वेडिंग फोटोंसाठी इंजिन भाड्याने देता येईल. तिथे तर आग पेटवायचीही गरज नाही. जोडप्यांना धूर हवा असतो तो कॅमेरेवाला स्वतःच्या मशीनमधून सोडतो. फिटरकाकांना ही कल्पना मुळीच आवडली नाही. हिशेबात मी ती ठेवली.

दीड कोटी कोणाचे आणि कशासाठी

नागपुरात सीएसआरसाठी दारे ठोठावायला जागा आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये इथेच आहेत, आणि कोळसा-मँगनीज हा तर छोट्या लाइनचाच माल. वेस्टर्न कोलफिल्ड्सने एमटीडीसीबरोबर सावनेरला खाण-पर्यटनही सुरू केले होते, तेव्हा कल्पना परकी वाटणार नाही. कायद्यातही जागा आहे: कंपनी कायदा २०१३, कलम १३५, सातवी अनुसूची, राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचे जतन त्यात येते. पात्र कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात.

अडचण पुढे आहे. कंपन्यांनी एखाद्या संस्थेच्या कायम निधीत घातलेले पैसे जानेवारी २०२१ पासून सीएसआर म्हणून धरले जात नाहीत. चालू प्रकल्प म्हटला तर सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा. वस्तुरूपाने दिलेली मदत पैशात मोजून सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. म्हणजे कोळसा कंपनीने चार गाड्या कोळसा मोफत दिला तरी तिच्या त्या रकान्यात शून्यच. थोडक्यात, इंजिन दुरुस्त करायला, रंगवायला आणि फीत कापायला हा पैसा उत्तम आहे. दहाव्या वर्षी लागणाऱ्या पैशाची आज तरतूद करायला तो चालत नाही. मी काही दोष देत नाही. कंपनीच्या संचालकांना मार्चअखेर खर्च झालेला दाखवायचा असतो, आणि आमची गरज नेमकी न खर्चलेल्या पैशाची आहे.

व्याजावर तूट भागवायची तर सात टक्क्यांनी सुमारे १ कोटी ७२ लाखांचा कायम निधी लागेल. तो सीएसआरमधून येणार नाही. मग उरतात माणसे.

टोर्नेडोचे सुमारे ३० लाख पौंड उभे करताना त्या संस्थेने लोकांकडून मोठी देणगी मागितली नाही. आठवड्याला एका बिअरच्या ग्लासाएवढी रक्कम, दरमहा बँकेतून आपोआप, असे आवाहन केले. नागपुरात तो ग्लास चालणार नाही. आम्ही तर्री-पोह्याची प्लेट धरली, ४० रुपये. आठवड्याला एक प्लेट म्हणजे वर्षाला २,०८० रुपये. तूट भरायला असे ५८० लोक लागतात. पंचवीस-तीस लाखांच्या शहरात ५८० माणसे म्हणजे काहीच नाही, असे तरुण म्हणाला. मी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांचे हिशेब तपासले आहेत. पहिल्या वर्षी पाचशे मिळणे शक्य आहे; चौथ्या वर्षी त्यातले किती टिकतात यावर खेळ आहे. देणगीवर आयकरात सूट देणारी ८०जीची पावती हे पूर्वीचे आमिषही आता तितके चालत नाही, कारण नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही आणि पगारदारांची मोठी संख्या तिकडे गेली आहे.

वर्गणीदाराला काय द्यायचे यावर म्हणून जास्त वेळ गेला. वेल्समध्ये १९५१ साली टॅलिलिन ही रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगातली अशी पहिलीच. तिथला सभासद देणगी देतो आणि येऊन कामही करतो. आमच्याकडे त्याला तोड म्हणजे वॉशआउटचा दिवस: बॉयलरची झाकणे उघडायची, आतला गाळ आणि खपल्या पाण्याने धुऊन काढायच्या, नळ घासायचे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर हे काम दुप्पट होते, म्हणून टाकीत पेंचचेच पाणी भरायचे असे ठरले. आयटीआयची मुले आणि वर्गणीदार एकत्र, फिटरकाकांच्या हाताखाली. पैशाच्या हिशेबात हा दिवस शून्य दिसतो, पण काकांच्या हातातली विद्या दुसऱ्या हातात जायची ती याच दिवशी. काकांच्या पिढीतली काम करू शकणारी माणसे आता बोटांवर मोजण्याएवढी आहेत. पैसा उशिरा आला तरी चालेल, ही विद्या उशिरा घेता येणार नाही. अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचा रकाना मी इंजिनाच्या दुरुस्तीच्या आधी टाकला. त्यावर कोणी वाद घातला नाही.

कोळशाचा प्रश्न बाहेरून सोपा वाटतो, कारण खाणी दारात आहेत. पण इथला कोळसा राखेचा. जाळीवर क्लिंकरचा, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचा, थर धरतो, हवा अडते, वाफ पडते, आणि फायरमनला दिवसभर सळई मारत बसावे लागते. हव्यात कमी राखेच्या, मुठीएवढ्या निवडक ढेकळ्या, त्याही वर्षाला २४-२५ टन. इतकी छोटी खरेदी कोणत्याच मोठ्या खाणीला परवडत नाही. ब्रिटनमध्ये वेल्सची फॉस-ई-फ्रान खाण २०२३ मध्ये बंद झाल्यावर तिथल्या वारसा रेल्वेंना हाच त्रास झाला. तेलावर चालणारा बर्नर हा पर्याय इंजिनिअरने मांडला. निलगिरीत ती इंजिने आहेत. शहराच्या वस्तीत धुराची तक्रार येण्याआधीच तो विचार करून ठेवलेला बरा. नव्या बॉयलरच्या नकाशात दोन्हींची सोय ठेवायची असे ठरले.

इंजिन कोणाचे

यावर थोडक्यात. इंजिन रेल्वेचे, जागा रेल्वेची. सीएसआरच्या पैशातून बनलेली मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे राहू शकते, त्यामुळे कंपनीला अडचण नाही. अडचण वर्गणी सांभाळण्यासाठी गट जो ट्रस्ट काढणार त्याला आहे: लोकांची वर्गणी दहा वर्षे साठवायची आणि पाचव्या वर्षी अधिकारी बदलला म्हणून परवानगी संपली, तर तो पैसा कशावर खर्चायचा? म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीसाठी जाणाऱ्या घटनेतच लिहिले की बॉयलर निधी वेगळ्या खात्यात राहील, त्यातून पगार, जाहिरात किंवा कार्यक्रम होणार नाहीत, आणि करार मोडला तर तो नॅरोगेज वारशाच्या दुसऱ्या जतनकामालाच जाईल. रेल्वेकडे मागायचा करार एका पूर्ण बॉयलर-चक्राचा, म्हणजे दहा वर्षांचा. तीन वर्षांचा मिळाला तर घ्यायचा नाही, यावर गटात दोन मते होती. मी न घेण्याच्या बाजूने होतो आणि आहे.

काय ठरले

क्रम उलटा केला. आधी कंपनी, मग इंजिन, मग लोक असा मूळ बेत होता. आता आधी वर्गणीदार. तीनशे माणसांचे मासिक हप्ते बँकेतून सलग वर्षभर येत राहिले, तरच कंपनीकडे अर्ज करायचा. त्या वर्षात संग्रहालयाच्या परवानगीने वॉशआउट, ट्यूब बदलणे आणि आग लावणे यांचे वर्ग घ्यायचे, तेही हिंगण्यातल्या एका लहान औद्योगिक बॉयलरवर. तीनशे झाले नाहीत, तर जमलेल्या पैशातून काकांच्या पिढीच्या मुलाखती, कारखान्याचे नकाशे आणि हत्यारे यांची नोंद करायची, आणि इंजिन आहे तसे उभे ठेवायचे.

थांबण्याची अटही लिहून ठेवली. दिवसाचे ५०,००० बॉयलर खात्यात गेल्याशिवाय त्या दिवसाचा हिशेब बंद होणार नाही. लागोपाठ दोन हंगाम ही रक्कम पूर्ण गेली नाही, तर तिसऱ्या हंगामात वाफ नाही. डबे डिझेलमागे चालतील, तिकीट ५० रुपये, आणि उरलेल्या वर्गणीतून खड्डा भरेपर्यंत इंजिन थंड राहील. तरुणाने यावर सही केली ती शेवटी, नाखुशीने. त्याच्या मते अशी अट वाचून कोणी कंपनी पैसे देणार नाही. अर्जासोबत ती जोडायची की नाही, हे पुढच्या बैठकीत ठरायचे आहे.